डब्यावरचे नाव आणि डब्यावरचे अक्षर

निन्टेंडो हे नाव आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांच्या कानी आले नसेल. परंतु लाल टोपी घातलेला, जाड मिशांचा मारिओ त्यांनी कोठे ना कोठे पाहिलेला असतो. नव्वदीच्या दशकात ह्या जपानी कंपनीच्या यंत्राच्या स्वस्त नकला मुंबईच्या बाजारात मिळू लागल्या. यंत्र टीव्हीला जोडायचे, कॅसेट खोचायची, आणि पडद्यावरचा तो बुटका गृहस्थ विटा फोडीत धावू लागायचा. आम्ही त्या वेळी सेमिनरीत होतो. सुट्टीत घरी आलो म्हणजे भाचरे हात धरून आम्हांला पडद्यापुढे बसवीत. मुलांचा वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, अशा तक्रारी घरोघर होत्या. खेळात दाखवतात ते वाईट आहे, अशी तक्रार मात्र आम्ही कोणाच्याही तोंडून ऐकली नाही.

आज ती भाचरे स्वतः आईबाप झाली आहेत. काही इथेच आहेत, काही आखातात, काही कॅनडात. त्याच कंपनीचे नवे यंत्र ती आपल्या मुलांना घेऊन देतात आणि घेताना फारशी चौकशी करीत नाहीत. २०१७ साली निघालेले ‘स्विच’ हे यंत्र जगभरात १५ कोटींहून अधिक विकले गेले, त्यामागे हा निर्धास्तपणाही आहे. लहानपणी ज्याने आपल्याला काही इजा केली नाही, ते आपल्या मुलांनाही करणार नाही, असा माणसाचा सरळ हिशेब असतो.

ह्या हिशेबात एक नवी रक्कम आली आहे. कुटुंबाची म्हणून ओळखली जाणारी ही कंपनी आता अधूनमधून केवळ प्रौढांसाठीचे खेळही स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करते. तिने तसे करावे काय? प्रश्न परदेशी कंपनीचा आहे, तिचे भागधारक आपण नाही. तरीही तिच्या नावावर विसंबून आपण मुलांच्या हाती काय देतो, हा प्रश्न मात्र आपला आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांला वाटते.

प्रथम ह्या नावाचा इतिहास पाहू. निन्टेंडोची स्थापना १८८९ साली जपानमधील क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची ह्यांनी केली. तेव्हा व्हिडिओ खेळ नव्हते. ही मंडळी ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवीत: बारा महिन्यांची बारा फुले, प्रत्येकाची चार पाने, एकूण ४८. दिसायला सुंदर असलेले हे पत्ते जुगाराच्या बैठकींत मोठ्या प्रमाणावर वापरले जात. पुढे संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची ह्यांच्या हाती १९४९ साली कारभार आला. त्यांनी १९५९ साली डिस्नेच्या चित्रांचे पत्ते बाजारात आणले, आणि जुगाऱ्यांच्या हातातला पत्ता मुलांच्या हातात आला. म्हणजे ‘कौटुंबिक’ हे ह्या कंपनीचे जन्मजात रूप नव्हे. ते तिने विचारपूर्वक, आणि व्यापारी हिशेबानेही, स्वीकारलेले रूप आहे. स्वीकारलेले रूप पाळावे लागते, हे आम्हां धर्मगुरूंना निराळे सांगायला नको.

१९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ खेळांचा धंदा कोसळला. कोणीही उठावे आणि कसलाही खेळ बाजारात आणावा, अशी स्थिती होती. त्यांत निकृष्ट खेळांचा ढीग होता आणि काही उघड अश्लील खेळही होते. आईबापांचा विश्वास उडाला, दुकानदारांनी माल घेणे थांबविले. १९८५ साली निन्टेंडो त्या बाजारात उतरली ती दोन गोष्टी घेऊन: यंत्रात एक कुलूप, म्हणजे कंपनीच्या परवानगीवाचून कोणाचाही खेळ त्यावर चालू नये, आणि डब्यावर एक मोहोर, म्हणजे हा खेळ आम्ही तपासला आहे अशी ग्वाही. तिच्या अमेरिकन शाखेने नियमही कडक ठेवले होते. रक्त नको, नग्नता नको, आणि धार्मिक चिन्हेही नकोत. जपानमध्ये १९८४ साली निघालेल्या ‘डेव्हिल वर्ल्ड’ नावाच्या खेळात क्रूस व बायबल गोळा करीत सैतानाच्या चक्रव्यूहातून जायचे होते. तो खेळ त्या काळी अमेरिकेत आणलाच गेला नाही. काही खेळांतील थडग्यांवरचे क्रूससुद्धा अमेरिकन आवृत्तीत पुसून टाकले गेले.

ही हकीकत प्रथम कळली तेव्हा आम्ही जरा थबकलो. क्रूस काढण्याचा हेतू क्रूसाचा मान राखणे हा नव्हता. कोणी दुखावू नये, वाद होऊ नये, माल खपावा, एवढाच होता. त्यात गैर काही नाही. व्यापारी असाच विचार करणार. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खेळ स्वच्छ असणे आणि खेळ चांगला असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यातून रक्त काढले, मद्य काढले, क्रूस काढला, तो खेळ निरुपद्रवी झाला. चांगला झालाच असे नव्हे. निन्टेंडोचे उत्तम खेळ उत्तम ठरले ते त्यांतून काय गाळले ह्यामुळे नव्हे, तर त्यांत काय घातले ह्यामुळे.

कसोटीचा क्षण १९९३ साली आला. ‘मॉर्टल कोम्बॅट’ हा अत्यंत हिंसक मारामारीचा खेळ सप्टेंबर महिन्यात घरगुती यंत्रांसाठी निघाला. निन्टेंडोने आपल्या यंत्रावरील आवृत्तीतून रक्त काढायला लावले. त्या जागी करड्या रंगाचा घाम उडू लागला. सेगा ह्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्रावर मात्र एक गुप्त संकेत दाबला की रक्त दिसे. ग्राहकांनी सेगाची आवृत्ती अधिक घेतली. त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोसेफ लीबरमन व हर्ब कोल ह्या सदस्यांनी व्हिडिओ खेळांतील हिंसेबद्दल सुनावणी घेतली. निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेचे हॉवर्ड लिंकन ह्यांनी तेथे ‘नाइट ट्रॅप’ ह्या वादग्रस्त खेळाविषयी सांगितले की तो आमच्या यंत्रावर कधीही येणार नाही.

ह्या सुनावणीतून १९९४ साली खेळांना वयानुसार अक्षरे देणारी ‘ईएसआरबी’ ही व्यवस्था जन्मास आली. आज तिची अक्षरे अशी आहेत: ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपुढील मुलांसाठी, ‘एम’ म्हणजे सतरा व त्यापुढील, आणि ‘एओ’ म्हणजे केवळ अठरा वर्षांवरील. युरोपात २००३ पासून ‘पेगी’ ही आकड्यांची पद्धत आहे. अक्षर आले तसे नावाने आपले अर्धे ओझे अक्षरावर टाकले. १९९४ सालीच ‘मॉर्टल कोम्बॅट’चा दुसरा भाग निन्टेंडोच्या यंत्रावर आला, तो रक्तासह. आणि जो ‘नाइट ट्रॅप’ कधीही येणार नव्हता, तो २०१८ साली ‘स्विच’वर आला. दिलेला शब्द पंचवीस वर्षांत बाजाराच्या वाऱ्याने कसा उडून जातो, ह्याचे हे उदाहरण आहे.

तथापि येथे एक भेद केला पाहिजे. सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकविताना दुसऱ्याच्या कृत्यातील सहभागाचे प्रकार शिकविले जात. दुसऱ्याचा हेतू आपला मानून त्यात सामील होणे वेगळे, आणि त्याला दूरवरून काही साधन पुरविणे वेगळे. ज्याच्या मालकीचा गाळा आहे तो भाडेकरूच्या प्रत्येक मालाला जबाबदार नसतो. पण त्याच गाळ्यात तो स्वतः माल मांडून बसला, तर तो माल त्याचाच. निन्टेंडोच्या यंत्रावर इतर कंपन्यांचे प्रौढ खेळ पुष्कळ आहेत. २०२५ साली ‘स्विच २’ निघाले, तेव्हा पहिल्याच दिवसापासून ‘सायबरपंक २०७७’ हा ‘एम’ अक्षराचा खेळ त्यावर होता. हा गाळ्याचा प्रकार झाला. त्यालाही सीमा आहे. २००७ साली ‘मॅनहंट २’ ह्या खेळाला प्रथम ‘एओ’ अक्षर मिळाले, आणि त्या अक्षराचे खेळ निन्टेंडो आपल्या यंत्रावर येऊ देत नसल्याने तो बदलून, ‘एम’ अक्षर मिळवून मगच येऊ शकला. म्हणजे घरमालकानेही उंबरठ्यावर एक रेघ ओढलेली आहे.

आमचा प्रश्न मात्र कंपनीने स्वतः मांडलेल्या मालाचा आहे. निन्टेंडोने स्वतः प्रसिद्ध केलेला पहिला ‘एम’ खेळ म्हणजे २००२ सालचा ‘इटर्नल डार्कनेस’, भीतीचा व भ्रमाचा खेळ. त्यानंतर २०१४ साली ‘बेयोनेटा २’ आला. सेगा कंपनी ज्याच्यावर पैसे घालायला तयार नव्हती, तो खेळ निन्टेंडोने पैसा घालून पूर्ण करविला. तिसरा भाग २०२२ साली काढला. २०२४ साली ‘एमिओ’ नावाची एक गुप्तहेरकथा काढली. संख्येने हे खेळ थोडे आहेत. परंतु नावाच्या बाबतीत प्रश्न संख्येचा नसतो.

‘बेयोनेटा’ एका तरुणाने आम्हांला त्याच्या घरी दाखविला. नायिका चेटकीण आहे आणि तिचे शत्रू देवदूत आहेत. २००९ सालच्या पहिल्या भागातील मोठ्या शत्रूंची नावे लॅटिन आहेत: फोर्तितुदो, तेम्पेरान्तिया, युस्तितिया, सापिएन्तिया. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात धैर्य, संयम, न्याय हे मूळ सद्गुण ह्याच नावांनी पाठ केलेले! तो तरुण थोडा संकोचला होता. फादर रागावतील असे त्याला वाटले असावे. आम्हांला राग आला नाही, गंमत वाटली. थडग्यावरचा क्रूस पुसणारी कंपनी तीस वर्षांच्या आत देवदूतांना मारण्याचा खेळ पदरचे पैसे घालून तयार करविते, हा प्रवास आम्हांला नवलाचा वाटला. देवदूतांना अशा खेळाने काही इजा पोचत नाही, ह्याची आम्हांला खात्री आहे. त्या खेळातील नायिकेच्या अंगप्रदर्शनाविषयी मात्र आमचे मत अनुकूल नाही. ते तिथे कथेला हवे म्हणून नाही, विक्रीला हवे म्हणून आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. नाव हे वचन असते. पुष्कळ आईबापांना खेळाची भाषा समजत नाही. ते नाव पाहून विकत घेतात. आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने दोन वर्षांपूर्वी नाताळनंतर आम्हांला एक डबा आणून दाखविला. परदेशातील दिराने मुलाला भेट दिलेला खेळ होता. मुलगा अकरा वर्षांचा. ती म्हणाली, “फादर, हा खेळ लावल्यापासून पोरगा रात्री दचकून उठतो. आणि डब्यावर तर ‘एम’ लिहिलंय. ‘एम’ म्हणजे मारिओ ना?” मारिओच्या टोपीवर ‘एम’ हे अक्षर असतेच. तिची काय चूक? खेळ कोणाचा होता ते महत्त्वाचे नाही. डबा त्या यंत्राचा, दुकान खेळण्यांचे, अक्षर ओळखीचे. दीरही काही वाईट विचाराने ते घेऊन आला नव्हता. अक्षराचा अर्थ सांगितल्यावर ती बाई बराच वेळ डब्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग नावावर विसंबून काय उपयोग, फादर?”

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या मांसाची चर्चा केली आहे. जाणत्या माणसाला ते मांस खाण्यात दोष दिसत नाही. परंतु त्याच्याकडे पाहून दुबळ्या मनाचा भाऊ अडखळणार असेल, तर जाणत्याने विचार करावा, असा त्याचा आशय आहे. निन्टेंडोला जो पालक ओळखतो, तो जाणता ग्राहक आहे. त्याला अक्षरे वाचता येतात. ही भगिनी त्या दुसऱ्या प्रकारची आहे. आणि ज्या कंपनीने ‘आमच्याकडे काळजी नाही’ असे चाळीस वर्षे सांगितले, तिच्यावर अशा ग्राहकाचा हक्क अधिक आहे.

हे सारे मान्य करूनही कंपनीने प्रौढांसाठी काहीच काढू नये, असे आम्ही म्हणणार नाही. त्याची कारणे तीन.

पहिले असे की, प्रौढांसाठी असणे म्हणजे घाणेरडे असणे नव्हे. पवित्र शास्त्रच पाहा. दाविदाने उरियाच्या पत्नीबाबत व स्वतः उरियाबाबत काय केले, शास्त्यांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात गिबा गावी एका स्त्रीवर काय ओढवले, हे प्रथम ख्रिस्तशरीर घेणाऱ्या मुलांच्या वर्गात आम्ही शिकवीत नाही. परंतु म्हणून ती पाने आम्ही बायबलमधून फाडूनही टाकीत नाही. एकाच ग्रंथात दोन्ही असते. कोणाला केव्हा काय वाचून दाखवायचे ते शिकविणाऱ्याने ठरवायचे. ‘एमिओ’ हा खेळ आम्हांला ह्या दृष्टीने विचार करण्याजोगा वाटतो. एक शाळकरी मुलगा मृतावस्थेत सापडतो, डोक्यावर हसऱ्या चेहऱ्याची कागदी पिशवी. अठरा वर्षांपूर्वीच्या न उलगडलेल्या खुनांशी त्याचे साम्य असते. खेळणाऱ्याने मारामारी करायची नसते. लोकांना भेटायचे, विचारायचे, ऐकायचे. लहान मुलाच्या हाती तो मुळीच देऊ नये. परंतु मोठ्या माणसाने दुःखाची व अपराधाची गोष्ट लक्ष देऊन ऐकावी, ह्यात वावगे काय आहे?

दुसरे कारण, मुले मोठी होतात. ज्या कंपनीकडे मोठ्या झालेल्यांसाठी काहीच नाही, तिच्याकडून ती दुसरीकडे जातात, आणि दुसरीकडे कोणती सीमा पाळली जाते ते आपल्याला ठाऊक नसते. घरातल्याच वडीलधाऱ्या माणसाने अवघड गोष्ट नीट सांगावी, हे चौकात ऐकण्यापेक्षा बरे.

तिसरे कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. व्हिडिओ खेळ म्हणजे पोरांचे खेळणे, ही समजूतच आईबापांना बेसावध करते. ती भगिनी फसली ती त्या समजुतीमुळे. चित्रपट पाहायला जाताना आपण प्रमाणपत्र पाहतो. आपल्या देशात ‘यू’, ‘ए’ ही अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत, आणि २०२४ पासून ‘यूए’ वर्गातही सात, तेरा व सोळा वर्षांच्या पायऱ्या केल्या आहेत. चित्रपट मोठ्यांसाठीही असतो हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच आपण ते अक्षर वाचतो. खेळ मोठ्यांसाठीही असतो हे जेव्हा घरोघरी ठाऊक होईल, तेव्हा त्याचेही अक्षर वाचले जाईल. शिवाय हे अक्षर म्हणजे कायदा नव्हे, हे विसरता कामा नये. मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. तेव्हा दुकानदाराने मन लावून पाहिले तर ठीक. नाहीतर शेवटचा पहारेकरी घरातच असतो.

डिस्ने कंपनीसमोरही हाच पेच होता. तिने १९८४ साली मोठ्यांच्या चित्रपटांसाठी ‘टचस्टोन’ हे वेगळे नाव काढले. मुलांचे नाव मुलांकडे, मोठ्यांचे नाव मोठ्यांकडे, ही युक्ती प्रामाणिक होती. पुढे १९९३ साली तिने ‘मिरामॅक्स’ ही संस्था विकत घेतली, तेव्हा मात्र प्रश्न अवघड झाले. १९९९ सालच्या ‘डॉग्मा’ ह्या चित्रपटावर अमेरिकेतील काही कॅथोलिकांनी आक्षेप घेतला, आणि शेवटी तो डिस्नेच्या छत्राखाली न येता दुसऱ्या कंपनीमार्फत प्रदर्शित झाला. २०१० साली डिस्नेने मिरामॅक्स विकून टाकली. ह्यावरून एवढे दिसते की, वेगळे नाव ग्राहकाला दार दाखविते. मालकाची जबाबदारी मात्र त्याने संपत नाही.

निन्टेंडोने असे वेगळे दार केलेले नाही, आणि आमची खरी तक्रार येथे आहे. २०१८ सालच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ ह्या खेळात कंपनीची बहुतेक प्रसिद्ध पात्रे एकमेकांशी लुटुपुटूची लढाई करतात. त्याचे अक्षर दहा वर्षांपुढील मुलांसाठीचे आहे. त्या मेळाव्यात मारिओच्या शेजारी बेयोनेटाही उभी आहे. दहा वर्षांचे मूल तिला तेथे भेटते, तिच्याशी खेळते, आणि मग साहजिकच विचारते, “हिचा स्वतःचा खेळ कोणता?” मोठ्यांची खोली वेगळी असावी हे ठीक, पण तिचे दार मुलांच्या खोलीत उघडू नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विचार अपुरा राहील. ‘एम’ अक्षराची चिंता करता करता आपण जे अक्षरात मावत नाही ते विसरतो. २०१७ साली ह्याच कंपनीने मोबाईलवर दोन खेळ आणले: ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ आणि ‘ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प’. दुसरा तर इतका गोजिरवाणा की त्यात प्राण्यांशी मैत्री करायची, तंबू सजवायचा. परंतु दोहोंतही पैसे खर्च करून नशिबावर वस्तू मिळण्याची सोय होती. काय मिळेल ते आधी कळत नसे. २०१८ साली बेल्जियमच्या जुगार नियंत्रण संस्थेने काही खेळांतील असे प्रकार जुगारात मोडतात असा निर्णय दिला, आणि २०१९ साली निन्टेंडोने हे दोन्ही खेळ त्या देशातून काढून घेतले. ‘पॉकेट कॅम्प’ची ती सेवा २०२४ साली बंद झाली, त्या जागी एकदाच किंमत देऊन घ्यायची आवृत्ती आली, हे चांगलेच झाले. परंतु विचार करा. ज्या घराण्याने जुगाराच्या बैठकीतून उठून मुलांच्या अंगणात येण्याचे पुण्य केले, त्याच्याच अंगणात साठ वर्षांनी नशिबाचा डाव पुन्हा मांडला गेला. तेथे रक्त नव्हते, नग्नता नव्हती, सारे काही गोड होते. ‘एमिओ’सारखा खेळ निदान आपण कोणासाठी आहोत हे डब्यावर सांगतो.

म्हणून आमचे मत असे. कुटुंबाच्या विश्वासावर वाढलेल्या कंपनीने प्रौढांसाठी खेळ काढण्यास हरकत नाही. परंतु तिने तीन गोष्टी पाळाव्यात. त्या खेळांना डिस्नेने दिले तसे वेगळे नाव द्यावे, म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या आईला चष्मा न लावताही फरक कळेल. मुलांच्या खेळांतील पात्रांच्या आधाराने त्यांची जाहिरात होऊ देऊ नये. आणि ‘प्रौढ’ हा शब्द खरोखर प्रौढ माणसाला शोभेल अशा विषयासाठी वापरावा; उघडे अंग आणि सांडलेले रक्त ह्यांना प्रौढत्व म्हणू नये. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी खेळ व विनोद ह्यांतही सद्गुण असू शकतो असे मानले आहे. अतिरेक हा दोष आणि खेळाचा सर्वस्वी अभाव हाही दोष. मोठ्यांनाही खेळाची गरज आहे, हे त्यात आलेच. परंतु मोठ्यांचा खेळ मोठ्यांच्या विवेकाचा असावा.

कंपनी आमचे ऐकणार नाही, हे आम्ही जाणतो. पालकांनी मात्र ऐकण्याजोगे काही आहे. ‘स्विच’ यंत्रात मुलाच्या वयाची मर्यादा व खेळण्याचा वेळ ठरविण्याची सोय २०१७ पासून आहे. आईबापांच्या मोबाईलवरूनही ती लावता येते. अर्ध्या तासाचे काम आहे. स्वतःला जमत नसेल तर घरातील कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगावे. ती हसेल, पण करून देईल. येत्या नाताळात दुबईचा मामा किंवा टोरांटोची आत्या “मुलांना काय आणू?” असे फोनवर विचारतील, तेव्हा खेळाचे नाव सांगून थांबू नये. डब्याच्या खालच्या कोपऱ्यात कोणते अक्षर छापले आहे ते वाचून दाखवा, असे म्हणावे. त्यांना वाईट वाटणार नाही. त्यांनाही ते अक्षर पहिल्यांदाच दिसेल, असाही संभव आहे.